पाटी शेवटी वाचा: मॅसॅच्युसेट्समधली जुनी घरं आणि टॅव्हर्न

बॉस्टनच्या आसपास जुनं घर पाहायला गेलं की बहुतेकांची नजर आधी दाराशेजारच्या पाटीवर जाते. पाटीवर साल असतं, पहिल्या मालकाचं नाव असतं, आणि एकदा ते साल डोक्यात बसलं की पुढचा तासभर माणूस त्याला जुळेल तेवढंच पाहतो. म्हणून आम्ही क्रम उलटा ठेवतो. आधी तळघर, मग माळा, मग मधल्या खोल्या, त्यानंतर कागदपत्रं आणि पाटी अगदी शेवटी. मधल्या खोल्यांवर प्रत्येक पिढीनं आपली हौस भागवलेली असते. तळघर आणि माळा सजवायला सहसा कोणी जात नाही, त्यामुळे मूळ सुतारकाम तिथेच उघडं सापडतं.

बॉस्टनच्या नैऋत्येला असलेल्या डेडमचं फेअरबँक्स हाऊस हे उत्तर अमेरिकेतलं उभं असलेलं सगळ्यात जुनं लाकडी सांगाड्याचं घर मानलं जातं. त्याच्या लाकडाच्या तपासणीतून १६३७ ते १६४१ हा काळ निघतो. बॉस्टनच्या उत्तरेला सॉगस, टॉप्सफील्ड, इप्सविच आणि पश्चिमेला लेक्सिंग्टन, लिंकन, कॉनकॉर्ड, सडबरी असे घरांचे आणखी दोन पट्टे आहेत. तिन्ही दिशा एकाच सुट्टीत उरकायच्या भानगडीत पडू नये. दिवसाला दोन घरं पुरे. तिसऱ्या घरात डोळे काम करेनासे होतात.

बरीचशी घरं उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंतच उघडतात, तीही आठवड्यातले काहीच दिवस. सॉगसचं बोर्डमन हाऊस तर वर्षात मोजकेच दिवस उघडं असतं. तरी ते चुकवू नये, कारण ते मुद्दाम विनासामान ठेवलंय. खुर्च्या, चरखे, तांब्याची भांडी काही नाही, नुसतं घर. नेहमीच्या फेरीत तळघर आणि माळा दाखवत नाहीत. आधी लिहून कळवावं, नेमकं काय पाहायचंय ते सांगावं आणि गर्दी नसलेला दिवस मागावा. ‘जरा आत बघू का?’ असं दारात विचारलं तर उत्तर नाही असंच येतं. सोबत टॉर्च, फूट-इंचांचा टेप, वही आणि सपाट तळाचे बूट हवेत. धुराड्याला बिलगून चढणारे जिने इतके उभे असतात की उतरताना तोंड भिंतीकडेच करावं लागतं.

तळघरात आधी धुराड्याचा पाया शोधायचा. सतराव्या शतकातलं इथलं घर धुराड्याभोवती उभं राही. मधोमध धुराडं, त्याच्या दोन बाजूंना दोन खोल्या, समोर चिंचोळी देवडी आणि तिथूनच जिना. पण बरीच घरं सुरुवातीला अर्धीच होती: एक खोली, तिच्यावर एक खोली आणि टोकाला धुराडं. पैसे आले, कुटुंब वाढलं की धुराड्याच्या पलीकडे दुसरी बाजू जोडली जाई आणि मग ते धुराडं ‘मधलं’ होई. इप्सविचच्या व्हिपल हाऊसचं असंच आहे, जुना भाग १६७७ चा आणि जोड १६९० ची. अशा घरात तळघर बहुधा एकाच बाजूखाली असतं, किंवा दोन बाजूंच्या भिंतींचे दगड वेगळ्या हातानं रचलेले दिसतात. तळाची आडवी तुळई मात्र पुरावा म्हणून धरू नये. जमिनीतला ओलावा आधी तिलाच खातो, त्यामुळे जवळपास प्रत्येक घरात ती कधी ना कधी बदललेली असते. नव्या तुळईवर जुनं घर उभं असणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

माळ्यावर टॉर्चचा खरा उपयोग. प्रकाश फळीवर समोरून टाकला तर काहीच दिसत नाही. टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून, कडेकडेनं, आडवा धरायचा. मग लाकडावर ओरखड्यांच्या सावल्या उभ्या राहतात. रुंद, उथळ, किंचित तिरके घाव दिसले तर ते ओंडका चौरस करणाऱ्या कुऱ्हाडीचे. सरळ, एकमेकांना समांतर, सारख्या अंतरावरच्या रेघा पाणचक्कीवरच्या वरखाली चालणाऱ्या करवतीच्या. अंतर कमीजास्त आणि रेघांचा कल बदलता असेल तर दोन माणसांनी हातानं ओढलेली करवत. आणि रेघा कमानीसारख्या वाकलेल्या असतील तर गोल करवत, म्हणजे फळी साधारण १८३० नंतरची. एवढ्या एका युक्तीनं माळ्याचा अर्धा हिशेब सुटतो. वाशांच्या जोडांवर रोमन आकडे कोरलेले सापडतील. सगळा सांगाडा जमिनीवर जुळवून, खुणा करून, सुटा करत आणि मग गावकऱ्यांच्या हातांनी उभा करत. कुठला वासा कुठल्या खाचेत, हे त्या आकड्यांवरून कळे. आकड्यांची माळ मध्येच तुटली किंवा पुन्हा एकपासून सुरू झाली, तर तिथे जोड दिलीय असं समजावं.

मागची पडवीही माळ्यावरूनच कळते. घराचं मागचं पाखं लांबवर खाली उतरलेलं दिसलं की सगळे म्हणतात, पडवी मूळचीच. कधी असते, बहुतेकदा नसते. पडवीच्या छपराखाली शिरून मूळ घराच्या मागच्या भिंतीवर उन्हापावसानं करडा पडलेला फळ्यांचा थर दिसला, तर ती भिंत एके काळी बाहेरची होती आणि पडवी नंतरची. त्या फळ्या किती झिजल्यात यावरून मध्ये किती वर्षं गेली त्याचा अंदाजही येतो.

खिळ्यांवर लोकांचा फार विश्वास असतो. लोहारानं हातानं घडवलेला, चार-पाच ठोक्यांच्या पैलूदार डोक्याचा खिळा साधारण १८०० पर्यंतचा. पत्र्यातून यंत्रानं कापलेला चपटा खिळा १७९० च्या दशकापासून पुढचं शतकभर. गोल तारेचा खिळा १८९० च्या आसपासपासून सर्रास. नियम बरोबर आहे, पण जमिनीच्या फळ्या दहादा उखडून ठोकलेल्या असतात आणि दारं एका घरातून दुसऱ्या घरात जातात. त्यातच दुरुस्ती करणारे हौशी लोक जुने खिळे जपून ठेवून नव्या कामात वापरतात. म्हणून ज्या जागी दुरुस्तीची गरजच पडत नाही, तिथलाच खिळा पाहावा. छपराखालच्या फळ्यांचा कोपरा किंवा जिन्यामागचं कपाट ठीक. मुख्य दाराचा खिळा बघून साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता खाली, मुख्य खोलीत. छताच्या मधोमध जी सगळ्यात जाड तुळई जाते, तिला इथे ‘समर बीम’ म्हणतात. उन्हाळ्याशी तिचा संबंध नाही, ओझं वाहणाऱ्या जनावराच्या जुन्या फ्रेंच नावावरून हा शब्द आलाय. साधारण १७२५ च्या आधीच्या घरात ही तुळई उघडी राहणार हे सुताराला माहीत होतं. म्हणून तो तिच्या खालच्या दोन्ही धारा तिरक्या तासून काढी आणि तासकाम भिंतीजवळ येऊन संपताना त्याला छोटीशी वळणदार जीभ देई. बोटांनी नाही, डोळ्यांनीच, पण ती जीभ शोधायची. ती सापडली तर तुळई दिसण्यासाठीच घडवली होती.

आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. १७२५ नंतर चाल बदलली. घराचा दर्शनी भाग दोन्हीकडे सारखा, खिडक्या वरखाली सरकणाऱ्या, मधोमध रुंद बोळ, छताला चुन्याचा सपाट गिलावा. तुळया झाकायच्याच होत्या, मग सुतार त्या तासायला कशाला बसेल? कुऱ्हाडीचे घाव तसेच ठेवून तो वर पट्ट्या ठोकी आणि गिलावा चढवी. विसाव्या शतकात लोकांना ‘जुनं’ वाटणारं घर हवंसं झालं, तेव्हा त्यांनी तो गिलावा पाडला आणि खडबडीत तुळया उघड्या केल्या. आज एखाद्या टॅव्हर्नच्या, म्हणजे प्रवाशांना खाणंपिणं आणि मुक्काम देणाऱ्या जुन्या घराच्या, खोलीत काळ्याशार, ओबडधोबड तुळया बघून ‘वा, काय जुनं आहे!’ असं मनात आलं, तर टॉर्च तिच्या खालच्या अंगावर आडवा धरावा. ठरावीक अंतरावर खिळ्यांच्या बारीक भोकांच्या रांगा आणि पट्ट्यांचे फिकट ठसे दिसले, तर वॉशिंग्टनच्या काळात इथे पांढरं सपाट छत होतं. जे दिसतंय तो विसाव्या शतकाचा शौक.

चुलीही अशाच फसवतात. मूळ चूल माणूस वाकून आत शिरेल एवढी असे आणि भाकरीची भट्टी तिच्या मागच्या भिंतीत. पुढच्या पिढ्यांनी लाकूड वाचवायला आणि धूर कमी करायला आत विटांची नवी, लहान चूल बांधली. भट्टी आतून बाहेर, चुलीशेजारच्या दर्शनी भिंतीत आली. एकात एक अशा दोन-तीन चुली निघणं नवलाचं नाही. खोलीत आज दिसणारी चूल यातली कुठली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बॉस्टनमधलं, अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हियरचं घर या बाबतीत फार शिकवतं. घर १६८० च्या आसपासचं. रिव्हियरनं ते १७७० मध्ये घेतलं, तेव्हा त्याला समोरून पूर्ण तिसरा मजला होता. दुरुस्ती करून १९०८ मध्ये ते लोकांना खुलं केलं, तेव्हा हा मजला उतरवून घराला १७०० च्या सुमाराचं रूप दिलं. म्हणजे ज्याच्या नावानं रांग लागते, त्यानं हे घर असं कधी पाहिलंच नव्हतं. सेलमच्या ‘हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स’मध्ये गुप्त जिना दाखवतात. मूळ घर १६६८ चं, जिना विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीतला. दोन्ही ठिकाणी वास्तुकार एकच, जोसेफ चँडलर. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं हात घातला नसता तर यातलं किती उरलं असतं कोण जाणे. पत्त्यातल्या चौकटच्या आकाराच्या बारीक काचा असलेल्या खिडक्याही बहुतेक सगळीकडे नव्यानं बसवलेल्या आहेत. आणि वरचा मजला रस्त्यावर पुढे काढलेला दिसला की ‘वरून हल्लेखोरांवर गोळ्या झाडायला’ हे ठरलेलं वाक्य ऐकू येतं. ते सोडून द्यावं. ही पद्धत वसाहतकरी इंग्लंडमधून घेऊनच आले होते.

टॅव्हर्नला मराठीत काय म्हणावं हा प्रश्नच आहे. गुत्ता म्हटलं तर फार खाली जातं आणि धर्मशाळा म्हणावं तर तिथे फुकट काही नव्हतं. खरं तर ते परवाना असलेलं राहतं घर. लिंकनचं हार्टवेल टॅव्हर्न १७३३ मध्ये घर म्हणून बांधलं आणि १७५६ मध्ये त्याला परवाना मिळाला. बांधकामात त्यासाठी वेगळं काही नव्हतं. म्हणून नुसत्या भिंती पाहून ‘हे टॅव्हर्न होतं’ असं सांगता येत नाही, कागदच लागतो. प्रवाशाला छप्पर आणि घोड्याला चारा मिळणं ही वसाहतीची गरज होती. १६५६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जनरल कोर्टानं, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळानं, गावोगावी असं घर चालवणं बंधनकारक केलं आणि न चालवणाऱ्या गावाला दंड ठेवला. परवाना दर वर्षी नव्यानं घ्यावा लागे. नवरा वारला की तो बायकोच्या नावावर निघाल्याचं वारंवार दिसतं, कारण गावावर तिच्या पोटाचा भार पडण्यापेक्षा ते बरं.

दारू मिळण्याचा कोपरा लाकडी गजांच्या जाळीनं बंद करता येई. लेक्सिंग्टनच्या बकमन टॅव्हर्नमध्ये मोठी चूल आणि तो कोपरा एकाच खोलीत पाहायला मिळतात. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे, ब्रिटिश फौजेशी लेक्सिंग्टनची लढाई होण्याआधी, गावचे शिपाई तिथेच वाट पाहत बसले होते. त्या चुलीचं काम नुसतं ऊब देणं नव्हतं. फ्लिप नावाचं पेय करायला मोठ्या मगात दोन-तृतीयांश बिअर घेत, त्यात काकवी किंवा साखर आणि साधारण सव्वाशे मिलिलिटर रम घालत. मग निखाऱ्यात लाल केलेली, टोकाला गोळा असलेली लोखंडी सळई त्यात खुपसत. त्यानं पेय फसफसून वर येई आणि साखर करपल्याची कडवट चव उतरे. दुसरं पेय पंच. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला अशा पाच जिनसांचं, म्हणून आपल्या ‘पाच’वरून ते नाव पडलं असं सर्वसाधारणपणे मानतात. सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी ते हिंदुस्थानातून नेलं.

सडबरीचं वेसाइड इन १७१६ पासून परवान्यावर चाललं आणि तिथे आजही जेवण आणि मुक्काम मिळतो. जावं जरूर, पण १९२३ मध्ये ते हेन्री फोर्डनं घेऊन बरंच बदललं आणि डिसेंबर १९५५ मध्ये मोठी आग लागली. त्यामुळे तिथे टॉर्च खिशातच ठेवावा आणि जेवून यावं.

कागदांचं काम घरी बसून सुरू करता येतं. राज्याच्या ऐतिहासिक आयोगाच्या ‘मॅक्रिस’ या ऑनलाइन यादीत घराची नोंद पाहावी. १९३३ पासून केलेल्या ‘हॅब्स’ या ऐतिहासिक इमारतींच्या सर्वेक्षणाची मोजमापी चित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, ती फुकट मिळतात. मग खरेदीखतं. ती काउंटीप्रमाणे असतात, लेक्सिंग्टन-सडबरीची केंब्रिजला, इप्सविचची सेलमला. डेडमची १७९३ पूर्वीची खतं सफकमध्ये शोधावी लागतात, कारण नॉरफक काउंटी तोवर नव्हतीच. आजच्या मालकापासून मागे जायचं: घेणाऱ्यांच्या सूचीत त्याचं नाव शोधायचं, विकणारा कोण ते पाहायचं, मग त्या विकणाऱ्यानं कधी घेतलं ते. साखळी बहुधा १८०० च्या आसपास तुटते, कारण शेत बापाकडून मुलाकडे गेलेलं असतं आणि खत झालेलंच नसतं. तिथून वारसाहक्काच्या दप्तरात जायचं.

या दप्तरांत चार खड्डे आहेत. ‘मॅन्शन हाऊस’ म्हणजे हवेली नव्हे, साधं राहतं घर. ‘हॉल’ म्हणजे बोळ नव्हे, चूल असलेली मुख्य खोली. ‘हॉल चेंबर’ म्हणजे तिच्या वरची खोली. आणि १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून फेब्रुवारीच्या तारखेवर १६८९/९० असं दुहेरी साल दिसतं. ‘पहिला महिना’ लिहिलं असेल तर तो मार्च. हे न कळल्यानं बाप मेल्यावर वर्षभरानं सही करताना दिसतो.

मृताच्या मालमत्तेची यादी शेजारीच खोलीखोलीतून फिरत करत, त्यामुळे यादीचा क्रम हाच घराचा नकाशा. सगळ्यात महाग वस्तू बहुधा पडद्यांसकट पलंग, आणि तो बसायच्या चांगल्या खोलीत. कापडात कॅलिको, म्हणजे आपल्या कालिकतवरून नाव पडलेलं सुती कापड. काही याद्यांत गुरं आणि भांडी यांच्या रांगेत गुलाम माणसं आणि त्यांची किंमतही लिहिलेली असते. लेक्सिंग्टनच्या लढाईत जखमी झालेला प्रिन्स एस्टाब्रुक असाच गुलाम होता. त्याचा स्मृतिदगड बकमन टॅव्हर्नसमोर आहे. विधवेचा तिसरा हिस्सा वाटताना घरच कापलं जाई: पूर्वेकडची खोली, तळघराचा अर्धा भाग, विहिरीपर्यंत जायची वाट. आज एखादं दार विनाकारण बाहेरच्या बाजूला उघडताना दिसलं, तर अशा वाटणीचा कागद शोधावा.

१ ऑक्टोबर १७९८ च्या स्थितीवर बसवलेल्या केंद्रीय कराच्या मॅसॅच्युसेट्सच्या याद्या आजही टिकून आहेत. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीकडे त्या आहेत. शंभर डॉलरहून जास्त किमतीच्या घरांचं क्षेत्रफळ, मजले, खिडक्या त्यात मिळतात. त्याखालची झोपडीवजा घरं वेगळी पडली आणि नंतर जमिनीवरूनही गेली. आज उरलीत ती बरी परिस्थिती असलेल्यांची घरं, हे पाहताना विसरायला होतं.

सालाचा निकाल शेवटी लाकडाच्या वर्तुळांवर लागतो. पोकळ गिरमिटानं सांगाड्यातून बारीक नळीसारखा नमुना काढतात, घासून गुळगुळीत करतात, वर्तुळांची रुंदी मोजतात आणि परिसरातल्या ओकच्या ज्ञात क्रमाशी जुळवतात. घराच्या प्रत्येक टप्प्यातून सात-आठ नमुने हवेत आणि प्रत्येकात निदान पन्नासेक वर्तुळं. नमुना सालीच्या कडेपर्यंत पोचला, तर झाड कुठल्या हिवाळ्यात पडलं हेही सांगता येतं. सुतार ओलं लाकूडच वापरत, म्हणून घर त्याच किंवा पुढच्या वर्षीचं. काम बिघडतं ते तीन कारणांनी. बाहेरचा मऊ थर किड्यांनी खाल्लेला असतो आणि गिरमिट लावताच त्याचा भुगा होतो. झाड भराभर वाढलेलं असतं, मग वर्तुळं कमी भरतात. किंवा तुळई आधीच्या कुठल्या तरी इमारतीतून काढून आणलेली असते. रिकामी खाच किंवा कशालाच न लागणारं खुंटीचं भोक दिसलं, तर तिथे गिरमिट लावू नये.

लाकडाच्या आणि कागदांच्या अशा अभ्यासानं बऱ्याच पाट्या बदलल्या. व्हिपल हाऊस १६४० चं म्हणत, ते १६७७ चं निघालं. लेक्सिंग्टनचं हँकॉक-क्लार्क हाऊस १६९८ वरून १७३७ वर आलं आणि मन्रो टॅव्हर्न १६९५ वरून १७३५ वर. चूक बहुतेकदा एकाच जातीची. जमीन मिळाल्याचं किंवा त्या जागी आधी असलेल्या घराचं साल समोरच्या घराला चिकटवलेलं असतं. बकमनच्या जागेवरही पहिला परवाना १६९० च्या दशकातला, पण आज उभी असलेली इमारत १७०९-१० ची. टॉप्सफील्डच्या पार्सन केपन हाऊसच्या लाकडावर मात्र १६८३ कोरलेलं आहे, आणि तपासणीनंतरही ते तेवढंच राहिलं.